तूस, माती आणि शिलालेख

जुन्नरच्या लेण्यांतील एका छोट्या शिलालेखापाशी आम्ही नेहमी थबकतो. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिली, एवढेच तो सांगतो. नाणेघाटाच्या वाटेवरील या बाजारपेठेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धान्याच्या जोरावर वास्तू उभी राहिली. मात्र तेथे धान्याचे आधी द्रव्य झाले आणि मग त्या द्रव्यातून दगड कोरला गेला.

धान्याच्या पिकातून थेट भिंत घडताना आम्ही पाहिली ती शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगराकडील एका महादेव कोळी वस्तीवर. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा होता. दोघी बायका माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र तुडवीत होत्या. त्यांतील वडीलधारी बाई चिखल मुठीत दाबून पाही आणि धाकटीला म्हणे, "अजून तूस घाल गं, नाहीतर भिंत फुटंल." माती वाळताना आकसते, तडकते, तूस तिला धरून ठेवते. काही दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा वाळलेल्या लिंपणावर, दाराभोवती, तांदळाच्या पिठात बुडवलेल्या बोटांनी ठिपक्यांच्या ओळी उमटल्या होत्या. चौकटीला नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या होत्या.

अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या गिलाव्यातही भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू सापडतात. यावरून अखंड परंपरा सिद्ध होते, असे आमचे म्हणणे नाही. पण मातीचा स्वभाव ओळखणारे हात तेव्हाही होते आणि त्यांची नावे आपल्याजवळ नाहीत.

नाव टिकते ते बहुधा माध्यमामुळे. वारली सवाशिणी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक 'लिहीत' आल्या. ती भिंत पुढे पुन्हा सारवली जाई. १९७०च्या दशकात हेच चित्र कागदावर आले, तेव्हा जिव्या सोमा मशे हे नाव जगाला कळले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सवाशिणी मात्र अनामच राहिल्या.

म्हणूनच इतिहास वाचताना दात्याच्या लेखाइतकेच लिंपणही वाचावे, असे आम्हांला वाटते. घाई करणेही आवश्यक आहे. कुडाच्या जागी सिमेंटची भिंत आली की हे काम थांबते. आणि तूस किती घालावे, हे त्या बाईच्या मुठीखेरीज कोठेही लिहून ठेवलेले नाही.