लाभांश आणि लाट

लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करण्याची चाल जालन्याच्या पेठेत जुनी आहे. ‘जालना, सोने का पालना’ अशी ज्या गावाची ख्याती, तेथे हिशेबाचे वावडे कोणाला असणार? हल्ली मात्र वह्यांच्या जोडीला घरोघर शेअरही आले आहेत. त्यांची पारख कशी करावी, असे कोणी विचारले की मी दोन जुन्या हकिकती सांगतो.

पहिली कापसाची. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बॅक बे कंपनीसारख्या नव्या मंडळ्यांच्या शेअरांमागे माणसे वेडी झाली. एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण गेला, कापूस गडगडला आणि 1 जुलैला मुदतीचे सौदे चुकते करण्याची वेळ येताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. 

बॅक बे ही उघड सट्टेबाजी होती, तिचे एक असो. परंतु बँक ऑफ बॉम्बे ही 1840 ची प्रतिष्ठित पेढी, सरकारही तिचे भागधारक! तिचा शेअर 2850 रुपयांवर चढला होता, तो 87 रुपयांवर आला. कारण तिने कर्जे दिली होती ती याच फुगलेल्या शेअरांच्या तारणावर. 1868 साली ती मोडीत निघाली. दुभती म्हैस पाहताना धार बघावी हे खरे, पण ती कोणाच्या कुरणात चरते तेही बघावे.

दुसरी हकिकत पोलादाची. 1907 साली टाटांनी पोलादाच्या कारखान्यासाठी भांडवल मागितले, तेव्हा स्वदेशीच्या उत्साहात सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते उभे केले. पहिल्या महायुद्धात पोलादाला अफाट मागणी आली. युद्ध संपले, परदेशी स्वस्त माल आला आणि 1924 साली पगार देण्याचीही पंचाईत पडली. दोराबजी टाटांनी आपली खासगी मालमत्ता, पत्नीच्या दागिन्यांसकट, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढले. त्याच वर्षी सरकारने संरक्षक जकात बसवली आणि कारखाना तगला. धंदा खरा, माणसे सचोटीची, तरीही लाट ओसरली की अशी अवस्था होते.

जालनेकरांना हे निराळे सांगायला नको. येथील भट्ट्या भंगार वितळवून सळया करतात. भंगाराचा भाव, विजेचा दर आणि बांधकामाची तेजी-मंदी यांवर त्यांचे नशीब हेलकावे खाते.

आता हिशेब पाहा. समजा, पोलादाचा एक शेअर 200 रुपयांचा आहे आणि तेजीच्या वर्षी कंपनी शेअरमागे 40 रुपये मिळवते. पाचपट किंमत, म्हणजे स्वस्त वाटेल! पण बऱ्यावाईट दहा वर्षांची सरासरी 10 रुपये निघाली, तर तोच शेअर वीसपट महाग ठरतो. असे शेअर नफा भरात असताना स्वस्त दिसतात आणि नफा आटला असताना महाग. एका सुगीवरून शेताचे मोल ठरवू नये, ते हेच.

लाभांशाचेही तसेच. 100 रुपयांचा शेअर 5 रुपये देतो. भाव 50 वर आला की तोच लाभांश दहा टक्के दिसू लागतो. पण कंपनीची कमाईच 3 रुपये असेल, तर वरचे 2 रुपये गंगाजळीतून किंवा कर्जातून येतात. म्हणून नफ्यापैकी किती वाटले, कर्ज किती, हाती रोकड किती आणि मागच्या मंदीत लाभांश टिकला की तुटला, हे ताळेबंदातून पाहावे. एवढे कष्ट नको असतील, तर एकेका शेअरच्या वाटेला न जाणेच बरे.

आणि मुलीच्या लग्नाचा किंवा पुढच्या पेरणीचा पैसा लाटेवर सोडू नये. 1865 साली सगळा कापूस काही मातीमोल झाला नव्हता. बुडाले ते मुख्यतः उसन्या पैशावर आणि ठरल्या तारखेवर भिस्त ठेवणारे. ज्याला थांबता येते, त्यालाच पुढची सुगी दिसते.