लढाई नसलेला दिवस

भोरहून उर्दू शाळेची सहल राजगडावर नेली. पद्मावती माचीवर पोहोचताच मुलांनी तलवारी म्हणून काठ्या उपसल्या. पण मोगल कोणी व्हायचे? कोणीच तयार होईना. लढाईच्या खेळात ही भूमिका आमच्याच मुलांच्या वाट्याला येते, हे त्यांना ठाऊक होते.

मी म्हटले, आज लढाई नसलेला दिवस खेळू. गडाचे बहुतेक दिवस तसेच गेले.

एकजण हवालदार झाला. खिशातल्या माझ्या घराच्या किल्ल्या त्याला दिल्या. दुसरा सरनौबत, तिसरा सबनीस. सभासद बखरीत हीच वाटणी आहे. कारभार एकाच्या हाती नसे, म्हणजे एकजण फितला तरी गड जाऊ नये. धान्यकोठाराला कारखानीस नेमला.

"सर, हे तर आपल्या उर्दूतले लफ्ज!"

खरेच. हवाला, नौबत, कारखाना हे शब्द मी रोज फळ्यावर लिहितो.

मग पाणी कोणी भरायचे यावर भांडण जुंपले. भांडण अगदी योग्य होते! आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी, गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, असे बजावले आहे. तलावाकाठी मुलांनी पाळ्या ठरवल्या.

उतरताना हवालदार किल्ल्या परत देईना. म्हणाला, "सर, अजून दरवाजे बंद व्हायचेत."