सॉफ्टवेअरची नोकरी : मुलाखत, ऑफर आणि पगाराची बोलणी

मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आणि कणकवली तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पण सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी सिंधुदुर्गातील अनेक मुलांना पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागते. तिथे घरभाडे आणि खानावळ हातात येणाऱ्या पगारातून भागवायची असते. म्हणून ऑफर लेटरवरचा आकडा नीट वाचता यायला हवा.

मुलाखत कशी होते?

सहसा आधी ऑनलाइन चाचणी, मग एक-दोन तांत्रिक फेऱ्या आणि शेवटी एचआरची फेरी होते. तांत्रिक फेरीत उत्तराइतकीच विचार करण्याची पद्धत पाहिली जाते. आधी प्रश्नातल्या शंका विचाराव्यात, साधा उपाय सांगावा, मग तो वेगवान कसा करता येईल ते बोलून दाखवावे. बायोडेटात लिहिलेल्या प्रत्येक प्रकल्पावर प्रश्न येऊ शकतो. पावसाळ्यात गावातून ऑनलाइन मुलाखत द्यायची असेल, तर वीज जाण्याची शक्यता धरून लॅपटॉप चार्ज आणि मोबाइलचा डेटा तयार ठेवावा.

सीटीसी म्हणजे पगार नव्हे

सीटीसी म्हणजे कर्मचाऱ्यामागे कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च. समजा, सीटीसी ६ लाख आणि त्यात मूळ वेतन ३ लाख आहे :

- कामगिरीवर अवलंबून रक्कम (व्हेरिएबल) : ६०,०००
- कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा (मूळ वेतनाच्या १२ टक्के) : ३६,०००
- ग्रॅच्युइटीची तरतूद (४.८१ टक्के) : १४,४३०
- कर्मचाऱ्याचा निधीतील वाटा : ३६,०००
- महाराष्ट्रातील व्यवसाय कर : २,५००

हे वजा जाता महिन्याला हातात सुमारे ३७,५०० रुपये येतात; ६ लाखांना बाराने भागून येणारे ५०,००० नव्हे.

बोलणी कधी आणि कशाची?

ऑफर लेखी मिळाल्यावर, पण ती स्वीकारण्याआधी. कॅम्पसमधून निवडलेल्या नवोदितांचे पॅकेज बहुधा ठरलेले असते. तरी रुजू होण्याची तारीख, शहर आणि स्थलांतराचा खर्च यांविषयी विचारता येते. अनुभवी उमेदवाराने सीटीसीऐवजी निश्चित पगारावर बोलावे. जॉइनिंग बोनस घेताना, लवकर नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल का, हे पाहावे. हातात नसलेली दुसरी ऑफर कधीही सांगू नये.

बॉण्ड

बॉण्डला कायद्यात काही अर्थ नाही, हा समज चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची, ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे सहीपूर्वी मुदत आणि रक्कम दोन्ही वाचावीत. लेखी ऑफर हाती येईपर्यंत आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.