डीजे कंट्रोलरची कुळकथा

डीजे कंट्रोलर म्हणजे दोन फिरत्या चकत्या, त्यांच्यामध्ये मिक्सर आणि पोटात साउंड कार्ड असलेली, लॅपटॉपला जोडायची सपाट पेटी. गाणे लॅपटॉपवर असते. ते कधी सुरू करायचे, किती वेगाने चालवायचे, कुठे दुसऱ्यात मिसळायचे हे ही पेटी ठरवते. बुलढाणा जिल्ह्यात मात्र डीजे म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो टॉप आणि बेस स्पीकरच्या थप्पीने भरलेला टेम्पो. गाणी जुळवणारी पेटी आणि आवाज फेकणारी गाडी ही दोन वेगळी घराणी आहेत. शिकायला निघालेल्या मुलाचे पैसे बहुधा चुकतात ते या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

आवाजाचे घराणे इथले जुने. डफडे आणि बँड यांच्या जोडीला लाउडस्पीकर आला तो बिछायत केंद्रातून. सतरंज्या, गंज, पातेली आणि भोंगा एकाच बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये लग्नघरी पोहोचत. दिल्लीत 1940 साली सुरू झालेल्या आहुजा कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर देशभर गावोगावी गेले, आणि त्यावर आधी रेकॉर्ड, पुढे कॅसेट वाजू लागली. भोंग्याचा मोठा गुण म्हणजे थोड्या विजेत दूरवर ऐकू जाणे. वीज नसलेल्या गावात गाडीच्या बॅटरीवरही त्याचे भागे. पण त्यातून ठेका उमटत नसे. 50 हर्ट्‌झच्या स्वराची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, आणि हातभर तोंडाचा कर्णा ती नीट बाहेर काढू शकत नाही. पोटात जाणवणारा ठोका हवा तर 18 इंची स्पीकरची अवजड खोकी हवीत, खोक्यांना हजारो वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅम्प्लिफायरला जनरेटर, आणि हे सगळे मिरवणुकीत चालते ठेवायचे तर टेम्पो. खामगावच्या मोठ्या देवीचा उत्सव असो, 14 एप्रिलची मिरवणूक असो की चिखली-मेहकरकडची वरात, समोर दिसणारी गाडी अशी एकेका गरजेतून वाढत गेली आहे.

गाणी जुळवण्याचे घराणे न्यूयॉर्कचे. तिथल्या सँक्च्युअरी या क्लबात 1969 च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हा वादक कानाला हेडफोन लावून पुढची तबकडी आधी स्वतः ऐके, तिचा ठोका चालू गाण्याच्या ठोक्याशी जुळवी आणि मगच ती लोकांना ऐकवी. डीजेची मूळ विद्या ती हीच. पुढची सगळी यंत्रे या एका कृतीच्या सोयीसाठी घडली. 1971 साली रूडी बोझॅक यांचा मिक्सर बाजारात आला. 1972 मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल-1200 हा टर्नटेबल काढला. त्यात पट्टा नव्हता. मोटर थेट तबकडीखाली असल्याने ती क्षणात वेग घेई आणि हाताने अडवली तरी यंत्र दमत नसे. 11 ऑगस्ट 1973 ला ब्राँक्समधल्या एका इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत कूल हर्क याने दोन टर्नटेबल लावले. एकाच गाण्याच्या दोन प्रती आलटून पालटून फिरवत केवळ तालाचा तुकडा लांबवण्याची त्याची रीत हिप-हॉपचा उगम मानली जाते. हर्क मूळचा जमैकाचा; रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभारून नाचण्याची तिथली परंपरा टेम्पोवाल्यांना अगदी घरची वाटावी अशी आहे. 1979 च्या एसएल-1200 एमके2 मध्ये वेग आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली. आजच्या कंट्रोलरवर उजव्या कडेला उभी दिसते ती तिचीच वंशज.

तबकडीची जागा सीडीने घेतली. पायोनियरच्या 2001 सालच्या सीडीजे-1000 मध्ये सीडी तबकडीसारखी हाताने मागेपुढे ओढता येऊ लागली. मग गाणी संगणकात गेली आणि 2003 मध्ये हर्क्युलस कंपनीने डीजे कन्सोल काढला. त्यात दोन चकत्या, मिक्सर आणि साउंड कार्ड एकाच पेटीत होते. स्वस्त साधनांची वाट इथून मोकळी झाली. आजही सीडीजे-3000 चा एक नग दोन लाखांच्या वर जातो, आणि लागतात दोन, शिवाय मिक्सर. उलट पायोनियरच्या डीडीजे-एफएलएक्स4 सारखा कंट्रोलर 30,000 रुपयांच्या आसपास मिळतो आणि त्यावरच्या कळांची मांडणी बरीचशी मोठ्या यंत्रांसारखीच असते.

निवड करताना सर्वांत आधी साउंड कार्ड पाहावे. ते नसलेल्या स्वस्त पेट्या मिळतात, पण त्यांत लोकांना एक गाणे आणि हेडफोनमध्ये दुसरे अशी सोय वेगळ्या जुळणीशिवाय होत नाही. म्हणजे ग्रासोची विद्याच शिकता येत नाही. दोन चॅनेल पुरेसे असतात. चार चॅनेलचे पैसे पहिली दोन वर्षे तरी पडून राहतात. हर्क्युलसच्या इनपल्स 300 वर ठोका कुठे चुकतो हे दाखवणारे दिवे आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला त्यांचा फार उपयोग होतो, मात्र हळूहळू ते झाकून कानावर विसंबणे बरे. लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारा कंट्रोलर घ्यावा. लोडशेडिंगच्या गावात सराव त्यामुळे खंडित होत नाही. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च करण्याचे कारण नाही: सेराटो डीजे लाइट अनेक कंट्रोलरना मोफत चालते, आणि मिक्स (Mixxx) तर पूर्णच मोफत आहे. हेडफोन कान पूर्ण झाकणारा हवा, कारण टेम्पोजवळ उभे राहून पुढचे गाणे ऐकायचे असते.

टॉप आणि बेस मुळीच विकत घेऊ नयेत. घरच्या सरावाला दोन छोटे स्पीकर पुरतात. कार्यक्रम मिळाला तर गाडी भाड्याने मिळते. एफएलएक्स4 सारख्या पेटीतून आवाज आरसीए केबलने निघतो आणि गाडीच्या मिक्सरला अनेकदा पी-38 ही जाड पिन लागते, तेव्हा ती जोडणारी केबल स्वतःच्या पिशवीत असावी. वॅटच्या आकड्यांनी भुलू नये. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असे मानतात, आणि दर 3 डेसिबलमागे ती मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. काही ठरावीक दिवशीच सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते. रोज गाडीवर राहणाऱ्या मुलाने कानात बोळे घालावेत.

लग्नसराई संपली की वापरलेले कंट्रोलर विकायला निघतात. असा कंट्रोलर घेताना तो लॅपटॉपला जोडून प्रत्येक फेडर, म्हणजे सरकपट्टी, वर-खाली करून पाहावा. खरखर आली तर आत धूळ गेलेली असते, आणि मिरवणुकीतला गुलाल फेडरमध्ये सर्वांत आधी शिरतो. यूएसबीची वायर किंचित हलवल्यावर संपर्क तुटत असेल तर तो नग सोडावा. चकत्या दोन्ही दिशांना फिरवून गाणे बोटाबरोबर थांबते का ते पाहावे, हेडफोनचा ईपी जॅक दोन्ही कानांना आवाज देतो का तेही, आणि शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढून दहा मिनिटे दोन गाणी एकमेकांत मिसळून ऐकावीत.