आलापल्लीच्या रानातली यादवी

आलापल्लीहून अहेरीकडे निघालात की सागाची झाडे बराच वेळ सोबत करतात. आलापल्लीचा साग मोठा नावाजलेला. पाहुणा येतो, झाडांकडे मान वर करून पाहतो आणि लाकडाची किंमत विचारतो. ह्या रानात लढाई झाली होती हे त्याला सांगितले, तर तो विचारतो, "कुणाशी? इंग्रजांशीच ना?" आपण होय म्हणतो. पण ते उत्तर अर्धेच असते. इंग्रज होते हे खरे. मात्र बाबूराव शेडमाक्यांना इंग्रजांच्या हाती दिले ते अहेरीच्या माणसांनी. गोंडाने गोंडाला धरून दिले. ह्याला यादवी म्हणायचे नाही, तर दुसरे काय म्हणायचे?

थोडे मागे जाऊ. चांद्याचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनी घेतले. राजा गेला, पण रानातले जमीनदार आपापल्या गढ्यांत राहिले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. चांद्याला गोरा साहेब येऊन बसला. कालपर्यंत जे जमीनदार भोसल्यांना टाकोळी देऊन आपल्या मुलखात आपला हुकूम चालवीत, त्यांच्या डोक्यावर आता कागद, कचेरी आणि कायदा आला.

मोलमपल्लीची जमीनदारी लहान होती आणि ती अहेरीच्या हाताखाली मोडत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. बाबूराव पुल्लेसूर शेडमाके तिथले. जन्म १२ मार्च १८३३ चा. म्हणजे बंड उभारले तेव्हा वय अवघे पंचवीस! आपल्या घरात पंचवीस वर्षांच्या मुलाला आपण बैलजोडी घ्यायलासुद्धा एकटे पाठवीत नाही.

१८५७ साली मीरत, दिल्ली, कानपूर पेटले. नागपुरात १३ जूनच्या रात्री बेत होता, तो फसला. भोसल्यांच्या घरातल्या वृद्ध बांकाबाईंनी आपल्या माणसांना बजावले, की जो कोणी बंडात जाईल त्याला मी स्वतः सरकारच्या हवाली करीन. नागपूर थंड राहिले. पण चांद्याच्या रानात १८५८ च्या मार्चमध्ये ठिणगी पडली. बाबूरावांनी राजगड परगण्यावर चाल केली. थोड्याच दिवसांत अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. फौज मिश्र होती. घरचे गोंड आणि पगारावर लढणारे रोहिले. गोंडांजवळ धनुष्यबाण, भाले, कुऱ्हाडी आणि थोड्या तोड्याच्या बंदुका.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन धावला. नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली आणि सरकारी फौजेला हटावे लागले. मग बाबूरावांचे लोक गढीसुर्ल्याच्या टेकडीवर चढले आणि वरून धोंडे लोटू लागले. जरा डोळ्यांपुढे आणा. खाली कवायती शिपाई, वर लंगोटी लावलेली पोरे, आणि मधून गडगडत येणारे दगड. दारूगोळा सरकारचा होता, पण टेकडी ज्याची त्याची होती! पुढे १९ एप्रिलला सगणापुरास आणि २७ एप्रिलला बामनपेठेस सरकारी फौजेचे काही चालले नाही.

ह्या चार ठिकाणी किती माणसे जखमी झाली असतील? कुणाच्या मांडीत गोळी राहिली असेल, कुणाचा हात गेला असेल. इस्पितळ नव्हते, झाडपाला बांधायचा आणि रानात पडून राहायचे. इंग्रजी गॅझेटियरात गार्टलंड, हॉल आणि पीटर अशी तीन साध्या तारखात्यातल्या नोकरांची नावे मिळतात. टेकडीवरून धोंडे लोटणाऱ्यांपैकी एकाचे नाव नाही. ती नावे फक्त घरात राहिली, आणि घरातली म्हातारी माणसे गेली की नावेही जातात. म्हणून तुम्हांला म्हणतो, तुमच्या घरी कुणी लंगडणाऱ्या पणजोबाची गोष्ट सांगत असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नका. कुठल्या गावी, कुठल्या पायाला, एवढे तरी विचारून ठेवा.

ते तारवाले मघाशी निघालेच आहेत, तर त्यांचे सांगतो. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे त्यांच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. तार ही तेव्हा सरकारची जीभ होती. हल्लेखोरांनी घाव तिथे घातला. परंतु चिंचगुंडी होती अहेरीच्या जमीनदारीत. दोन गोरे आपल्या हद्दीत मेले, ह्याचा जाब अहेरीला द्यावा लागणार हे उघड होते.

अहेरीची जमीनदारी तेव्हा लक्ष्मीबाईंकडे होती. त्याच जूनमध्ये एक लक्ष्मीबाई ग्वाल्हेरीजवळ लढता लढता पडली. ह्या दुसऱ्या लक्ष्मीबाईंनी इंग्रजांचे ऐकले. भाषणांतून त्यांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तेवढे सोपे वाटत नाही. मोलमपल्ली अहेरीची मांडलिक. धाकट्याने थोरल्याला न विचारता लढाई सुरू केली, आणि तिचा चटका थोरल्याच्या उंबऱ्यापाशी येऊन पोचला. एका बाजूला रक्ताचे, दुसऱ्या बाजूला राज्य. बांकाबाईंनी नागपुरात जे केले तेच लक्ष्मीबाईंनी रानात केले. तरीही, बाबूरावांना धरून देताना त्यांना झोप लागली असेल, असे मला वाटत नाही.

पहिल्यांदा बाबूराव भोपाळपट्टणमकडे सापडले. पण पहाऱ्यावरच्या रोहिल्यांनी त्यांना सोडून दिले. भाडोत्री म्हणून ज्यांना हिणवावे त्यांनी सोडले, आणि आपल्या म्हणवणाऱ्यांनी पुन्हा धरले! १८ सप्टेंबर १८५८ ला ते अहेरीच्या माणसांच्या हाती लागले. चांद्याला खटला झाला आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. फाशीचा दोर पुन्हापुन्हा तुटला, असे लोक सांगतात. दोर तुटो न तुटो, सांगणाऱ्याच्या मनातून तो माणूस अजून खाली उतरलेला नाही. तुरुंगातला पिंपळ लोक दाखवतात आणि २१ ऑक्टोबरला तिथे जमतात. १२ मार्च २००९ ला त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले.

व्यंकटरावांची कथा मात्र फारसे कुणी सांगत नाही. ते बस्तरात निघून गेले आणि दीड वर्षाहून अधिक काळ सापडले नाहीत. १८६० च्या एप्रिलात बस्तरच्या राजाने त्यांना धरून इंग्रजांच्या स्वाधीन केले. म्हणजे इथेही पुन्हा आपलाच हात! त्यांची आई नागाबाई मध्ये पडली, म्हणून फाशी टळली. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि जमीनदारी जप्त झाली. अडपल्ली आणि घोटची मिळून सदुसष्ट गावे सरकारने अहेरीच्या लक्ष्मीबाईंना बक्षीस दिली. व्यंकटरावांच्या मागे जे रानात गेले होते, त्यांतले जे जखमा घेऊन घरी परतले, त्यांनी पुढे शेतसारा अहेरीला भरला.