विजेने आणलेलं हसू

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ड्युशेन या डॉक्टरांना कुठलंच पद नव्हतं. आपलं विजेचं यंत्र घेऊन ते वॉर्डावॉर्डांतून फिरत आणि रोगी तपासत. १८५०च्या दशकात त्यांना हवा तसा माणूस मिळाला: दात पडलेला, हडकुळा, जोडे शिवून पोट भरलेला एक म्हातारा. त्याच्या चेहऱ्याची कातडी बधिर होती, त्यामुळे विजेची कळ त्याला जाणवत नसे. ड्युशेन एकेका स्नायूवर विजेची टोकं टेकवायचे आणि आद्रियाँ तुर्नाशों फोटो काढायचे. म्हातारा मनातून ढिम्म, पण चेहऱ्यावर कधी भीती, कधी हसू.

हे फोटो ड्युशेन यांच्या १८६२च्या पुस्तकात आले. त्यातलं एक निरीक्षण फार मोलाचं होतं. गालाचा स्नायू ओढला की ओठांचे कोपरे वर जातात. ते कुणालाही ठरवून जमतं. खरा आनंद झाला की मात्र डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो, खालची पापणी किंचित उचलली जाते. हा स्नायू हुकमाचा ताबेदार नाही, असं ड्युशेन यांचं म्हणणं.

डार्विनला हे फोटो एकदम पटले. मग त्याच्या मनात पाल चुकचुकली: शेजारचा मजकूर वाचत पाहिल्यामुळेच तर ते पटले नसतील? १८६८ साली त्याने काही फोटो निवडले आणि मजकूर न दाखवता घरी येणाऱ्या वीसहून अधिक सुशिक्षित माणसांपुढे ठेवले. यात काय दिसतं, एवढाच प्रश्न. काही फोटोंवर जवळपास सगळ्यांचं एकमत झालं. काहींवर इतकी भिन्न उत्तरं आली की डार्विनने ते बाजूलाच ठेवले. साधी युक्ती, पण ड्युशेन यांच्या यंत्राइतकीच महत्त्वाची.

गंमत झाली ती म्हाताऱ्याच्या दोन हास्यांची. मनापासूनचं हसू लोकांनी लगेच ओळखलं. विजेने आणलेलं हसू २४ जणांनी पाहिलं. तिघांना काहीच सांगता येईना. बाकीच्यांना हसण्यासारखं काहीतरी दिसलं, पण कुणाला ती दुष्ट थट्टा वाटली, कुणाला हसण्याचा नुसता प्रयत्न. खालच्या पापणीचा स्नायू पुरेसा आवळला नव्हता, हे त्याचं एक कारण! हे सारं डार्विनने १८७२च्या पुस्तकात नोंदवलं.

पुढे १९७८ साली अमेरिकेत एकमन आणि फ्रीझेन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले: ओठांचा कोपरा वर ओढणं १२, डोळ्याभोवतीच्या स्नायूने गाल उचलणं ६. या जोडीला आज ‘ड्युशेन हास्य’ म्हणतात. ड्युशेन यांचा दावा मात्र पुरता टिकला नाही. डोळ्यांचं ते हसूही बऱ्याच जणांना ठरवून आणता येतं, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं.