वाऱ्यात ड्रोन कसा उडवायचा? आधी परतीचा हिशेब करा

पारशिवनीच्या आसपास ड्रोन उडवायला मोकळी जागा भरपूर आहे: शेतं, पेंच नदीचा काठ, पलीकडे सातपुड्याच्या टेकड्या. पण मोकळ्या जागेत वाऱ्यालाही आडोसा नसतो. २५० ग्रॅमच्या आतला हलका ड्रोन वाऱ्याबरोबर झटकन लांब जातो. अडचण येते ती परत आणताना.

वाऱ्याचं साधं गणित

समजा तुमच्या ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा सेकंदाला ६ मीटरचा. वाऱ्याबरोबर ड्रोन १६ च्या वेगाने जातो, म्हणजे ६०० मीटर अंतर साधारण ३८ सेकंदांत कापतो. परत येताना वेग उरतो फक्त ४. तेच अंतर कापायला १५० सेकंद लागतात, चौपट वेळ! वारा ९ चा झाला तर परतीला १० मिनिटं लागतील. म्हणून नेहमी आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा. बॅटरी कमी झाली की वारा तुम्हालाच परतायला मदत करतो.

तुमच्या ड्रोनची मर्यादा किती?

डीजेआय मिनी २ साठी कंपनीने सेकंदाला ८.५ ते १०.५ मीटर वाऱ्याची मर्यादा दिली आहे, म्हणजे ताशी साधारण ३० ते ३८ किमी. हवामान ॲपमधला ताशी किमीचा आकडा ३.६ ने भागला की सेकंदाला किती मीटर ते कळतं. हे करताना तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- सरासरी वाऱ्यासोबत झोताचा आकडाही बघा. ड्रोनला ढकलतो तो झोतच.
- ॲपमधला वारा सहसा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या मैदानात १०० मीटरवर तो साधारण १.४ पट असू शकतो.
- मर्यादेच्या दोन तृतीयांशापर्यंतच उडवा. बाकीचं अडीअडचणीसाठी राहू द्या.

ॲप नसेल तर झाडाकडे बघा

- पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात: ताशी १२ ते १९ किमी. जवळपास उडवायला हरकत नाही.
- धूळ, कागद उडतात, लहान फांद्या हलतात: २० ते २८ किमी. नवशिक्यांनी थांबावं.
- लहान झाडं डोलतात: २९ ते ३८ किमी. ड्रोन बॅगेतच ठेवा.

विदर्भात वेळ कोणती निवडायची?

उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि वावटळी सुरू होतात. मिनी २ तर ४० अंशांपर्यंतच वापरायचा आहे, आणि नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा सहज त्यापुढे जातो. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास सगळ्यात चांगला. मान्सूनपूर्व दिवसांत संध्याकाळी ढग दिसले तर पावसाची वाट बघू नका, कारण जोराचा वारा पावसाच्या आधी येतो. हवामान विभागाचं 'मौसम' ॲप आणि विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा. गडगडाट ऐकू आला की लगेच उतरवा.

टेकडीच्या ज्या बाजूला वारा अडतो तिथे शांत वाटलं तरी हवा गरगरत असते, त्यामुळे टेकडीपासून लांब राहा. पाण्यावर फार खाली उडवू नका. लाटांमुळे खालचे सेन्सर गोंधळतात.

वाऱ्यात अडकलात तर

१. आधी उंची कमी करा, खाली वारा कमी असतो. झाडं आणि तारा मात्र बघून.
२. 'रिटर्न टू होम' बटणावर विसंबू नका. ठरवलेल्या उंचीपेक्षा ड्रोन खाली असेल तर तो आधी वर चढतो, आणि वारा वरच जास्त असतो. तसं झालं तर ते रद्द करून हाताने आणा.
३. गरज पडली तर स्पोर्ट मोड लावा. मिनी २ चा वेग त्यात सेकंदाला १६ मीटरपर्यंत जातो, पण बॅटरीही लवकर संपते.
४. तरीही पुढे सरकत नसेल तर जवळच्या मोकळ्या, माणसं नसलेल्या शेतात उतरवा. ड्रोन नंतर चालत जाऊन आणता येतो.

कोराडी, खापरखेडा वीज केंद्रांमुळे या पट्ट्यात उच्चदाब वाहिन्या बऱ्याच आहेत. ड्रोन तारेवर अडकला तर बांबूने किंवा काठीने काढायला अजिबात जाऊ नका, जीव जाऊ शकतो. वीज कंपनीला कळवा.

नियमही बघून घ्या

ड्रोन नियम २०२१ नुसार ग्रीन झोनमध्ये जास्तीत जास्त ४०० फूट, म्हणजे १२० मीटर उंची चालते. तुमची जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर बघा. पेंच व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या परवानगीशिवाय उडवू नका, आणि वारा जंगलाकडे वाहत असेल तर सीमेजवळही नको. ड्रोन आत पडलाच तर शोधायला स्वतः जाऊ नका, वनविभागाला सांगा. तिथे वाघ आहेत.

उडवण्याआधी एक चाचणी

ड्रोन ५ मीटरवर एक मिनिट स्थिर ठेवा. तो एका बाजूला खूप कललेला दिसला किंवा ॲपने जोराच्या वाऱ्याचा इशारा दिला, तर आजचा दिवस सोडून द्या.